बदामाचा तास

ईशानी सबनीस हिचं वजन हा बरीच वर्षं फक्त तिच्या आईचा विषय होता. वडिलांच्या, म्हणजे चारुदत्तच्या मते, मुलगी खात्यापित्या घरची होती. आखातातल्या खलिफा सिटीतल्या त्या घरात खातंपितं कोण आहे, हे चारुदत्तच्या पट्ट्याच्या भोकांवरून कुणालाही कळलं असतं. आई अनुराधा मात्र दर महिन्याला काहीतरी नवीन सुरू करायची. कधी जिऱ्याचं पाणी, कधी दुधीचा रस. ईशानी ते निमूटपणे प्यायची आणि तोंडाची चव जावी म्हणून वर बिस्किटं खायची. ती चौदा वर्षांची होती, नववीत होती आणि शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर होती. तिला गोलमध्ये पहिल्यांदा उभं केलं ते जागा अडते म्हणून. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की चेंडू कुठे येणार हे या मुलीला आधीच कळतं. त्यानंतर तिला तिथून कुणी हलवलं नाही.

ऑक्टोबरात शाळेत आरोग्य तपासणी झाली. नर्स एमान हिने वजन केलं, उंची घेतली, कमरेभोवती टेप गुंडाळली आणि घरी ईमेल आला, की आपल्या पाल्याचं आरोग्य "संधीच्या वर्गवारीत" मोडतं.

"संधी म्हणजे काय रे?" अनुराधाने विचारलं.

"जाड," चारुदत्त म्हणाला. "हल्ली असं म्हणतात."

रक्ततपासणी झाली. मुलांच्या डॉक्टर हमीदा मूळच्या हैदराबादच्या होत्या आणि घाबरवायची त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि आईवडिलांना सोडून सरळ ईशानीकडे पाहिलं.

"ट्रायग्लिसराइड थोडा ज्यादा है, शुगर बॉर्डर पे है, लिव्हर पे थोडी चरबी है. उमर छोटी है, सब ठीक हो सकता है. ब्रेक में क्या खाती हो बेटा?"

"चिप्स. समटाइम्स कुकीज."

"उसके बदले एक मुठ्ठी बादाम-अखरोट खाना. बिना नमक के. और खेलती हो कुछ?"

"फुटबॉल."

"वो बिलकुल मत छोडना."

या सगळ्या बोलण्यात "उसके बदले" हे दोन शब्द औषधाचे होते. क्लिनिकच्या दारापासून पार्किंगपर्यंतच्या अंतरात ते कुठेतरी पडले. गाडीत बसताना अनुराधाच्या हाती फक्त बादाम-अखरोट उरले होते.

त्याच संध्याकाळी घरात बदाम, अक्रोड, पिस्ते आणि काजू आले. ईशानीच्या पोह्यांवर बदाम पडू लागले, आमटीत काजूची पेस्ट गेली आणि झोपण्यापूर्वी पिस्त्याचं दूध सुरू झालं. चिप्स आणि कुकीज होते तिथेच राहिले, कारण त्यांच्याबद्दल डॉक्टर काही बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "शी सेड इन्स्टेड," असं ईशानी एकदा म्हणाली, पण तेव्हा मिक्सर चालू होता. मुलीला एकटं वाटू नये म्हणून चारुदत्तनेही बदाम खायला सुरुवात केली. रोज रात्री टीव्हीसमोर बसून तो तिला एकटं वाटू देत नसे, मग ती तिच्या खोलीत का असेना.

अडचण आली ती डब्याची. ईशानीच्या शाळेत सुकामेव्याला आणि शेंगदाण्याला बंदी होती. ती बंदी योग्य होती. ईशानीची जिवलग मैत्रीण शुभ्रा शेजारच्याच गल्लीत राहायची. तिसरीत असताना कुणीतरी दिलेल्या चिक्कीच्या एका तुकड्याने शुभ्राचा चेहरा सुजला, श्वास अडकला आणि तिला ॲम्ब्युलन्समधून न्यावं लागलं. त्या दिवसापासून शुभ्राच्या हातात येणाऱ्या प्रत्येक पाकिटामागची बारीक अक्षरं ईशानी आधी वाचायची. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"आई, स्कूल इज नट-फ्री," ईशानीने सांगून पाहिलं.

"डॉक्टर मोठे की शाळा?" अनुराधा म्हणाली आणि डबा भरला.

ईशानीने तो डबा आत नेला नाही. फाटकावर जहूर नावाचा सुरक्षारक्षक असायचा. त्याच्यापुढे तिने डबा धरला आणि म्हणाली, "अंकल, धिस हॅज नट्स. प्लीज कीप इट आउटसाइड." जहूर मागे सरला, त्याने वॉकीटॉकी काढला, आणि मुलीने स्वतः होऊन बाहेर ठेवलेला डबा थोड्याच वेळात "फाटकावर रोखलेला धोका" म्हणून वर कळवला गेला. अनुराधाला शाळेतून बोलावणं आलं.

हे सगळं सांगलीला फोनवर ऐकून चारुदत्तचे वडील गोंधळले. "शाळा नटमुक्त? म्हणजे गॅदरिंग बंद केलं की काय त्यांनी?"

शाळेत अनुराधाची गाठ मुनिबा मॅडमशी पडली. मुनिबा मॅडम शाळेच्या आरोग्य विभागाच्या प्रमुख होत्या. "नट-फ्री कॅम्पस" समिती त्यांच्याकडे होती, आणि शाळेच्या मालक कंपनीने यंदाच सुरू केलेला "हेल्दी टीन" उपक्रमही त्यांच्याकडेच होता. वजन जास्त असलेल्या मुलांनी रोज सुकामेवा खाल्ला तर रक्तातली चरबी सुधारते, असं कुठल्याशा संशोधनात आल्यावरून तो उपक्रम निघाला होता. मूळ संशोधन कुणी वाचलं नव्हतं. त्याच्यावरचं प्रेझेंटेशन मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यात एका अक्रोडाचं फार सुंदर चित्र होतं.

"मॅडम, आपकी बेटी तो हमारे प्रोग्रॅम की पहली स्टुडंट है," मुनिबा मॅडम आनंदाने म्हणाल्या. "उसको नट्स खाने ही हैं. लेकिन स्कूल में नट्स ला नहीं सकते."

"मग मी घरीच देते ना," अनुराधा म्हणाली.

मुनिबा मॅडमच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळला. "घर पे खायेगी तो हमको दिखेगा कैसे?"

मग मुनिबा मॅडमनी एका समितीच्या प्रमुख या नात्याने दुसऱ्या समितीच्या प्रमुखांना, म्हणजे स्वतःला, परवानगी मागणारा ईमेल पाठवला. त्यांचं उत्तर यायला आठवडा लागला. आलं तेव्हा ते अटींसह होतं.

शाळेच्या पार्किंगपलीकडे, कुंपणाला लागून पत्र्याची एक पोर्टाकॅबिन आणून ठेवण्यात आली. तिच्यावर "नियंत्रित सेवन क्षेत्र" अशी पाटी इंग्रजीत आणि अरबीत लागली. तिथे नर्सच्या देखरेखीखाली हातमोजे घालून बदाम-अक्रोड खायचे, चूळ भरायची, हात धुवायचे, गणवेश बदलायचा आणि पुरेसा वेळ जाईपर्यंत बसून राहायचं, असं ठरलं. हे करायला एक पूर्ण तास लागणार होता. गणिताचा तास बुडवणं शक्य नव्हतं, विज्ञानाचाही नाही. नर्स एमान मोकळी असते तो तास एकच होता आणि तो खेळाचा होता.

"बट दॅट्स माय फुटबॉल," ईशानी म्हणाली.

"हबीबती," मुनिबा मॅडम लाडाने तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "हेल्थ फर्स्ट."

अशा रीतीने शाळेत सर्वांत जास्त हालचाल व्हायला हवी अशा तासाला हालचालीची सर्वांत जास्त गरज असलेली मुलगी खुर्चीत बसून बदाम खाऊ लागली. कॅबिनच्या छोट्या खिडकीतून मैदानाचा एक कोपरा दिसायचा. गोल त्या कोपऱ्यात नव्हता. पण गोल झाला की आरडाओरडा ऐकू यायचा, आणि पूर्वीपेक्षा तो फार वेळा ऐकू यायचा.

मग नियमांना फांद्या फुटल्या. सुकामेवा हाताळणारीने सगळ्यांच्या हाताला लागणारा चेंडू धरू नये, असं कुणाच्या तरी लक्षात आलं. त्यामुळे शाळा सुटल्यावरचा सरावही गेला. बसमध्ये शुभ्रा असायची, म्हणून बस गेली. शुभ्राने स्वतः मुनिबा मॅडमना जाऊन सांगितलं, "मॅम, ईशानी वॉशेस हर हँड्स बेटर दॅन एनीवन. आय ट्रस्ट हर." मुनिबा मॅडमनी तिचं कौतुक केलं. मैत्रीबद्दल एक वेगळा सप्ताह फेब्रुवारीत आहे, तेव्हा यावर जरूर बोल, असंही सुचवलं. ईशानीला शाळेतून आणायचं काम चारुदत्तकडे आलं. परतीच्या रस्त्यावर तो बहुतेक वेळा ऑफिसच्या कॉलवर असे. मागच्या सीटवर ईशानी खिडकीबाहेर बघत बसे, आणि शाळेची बस शेजारून गेली की शुभ्रा आतून हात हलवी.

जानेवारीत पुन्हा वजन झालं. ते वाढलं होतं. नर्स एमानने आकडा दोनदा तपासला आणि चिंतेने मुनिबा मॅडमना दाखवला. मुनिबा मॅडमनी तो शांतपणे पाहिला. वजन हा उपक्रमाचा निकषच नव्हता. निकष होता सेवनाचं सातत्य, आणि ते शंभर टक्के होतं. पुढच्याच सोमवारी ईशानीला "मेटाबॉलिक लीडर" असं प्रमाणपत्र देण्यात आलं. अनुराधाने त्याचा फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

खरी पंचाईत इथून सुरू झाली. संपदा नावाची अनुराधाची मैत्रीण त्याच दिवशी घरी आली. तिचा वेदांग ईशानीच्याच वर्गात होता आणि इतका काटकुळा होता की गणवेश त्याच्या अंगावर आहे की हँगरवर, हे लांबून सांगता येत नसे.

"लीडर लिहिलंय गं सर्टिफिकेटवर," संपदा म्हणाली. "उद्या युनिव्हर्सिटीला अर्ज करताना हे दाखवता येईल. आमच्या वेदांगला का नाही घेत? मी मेल केला, तर म्हणतात तो नॉर्मल आहे. नॉर्मल असण्याची शिक्षा का?"

"अगं, पण ते वजन जास्त असलेल्या मुलांसाठी आहे."

"मग वाढवू या की." संपदा पुढे सरकून बसली. "तू ईशानीला काय काय खायला घालायचीस?"

इतकी वर्षं लोक अनुराधाला ईशानीच्या वजनाबद्दल उपदेश करत आले होते. त्याची पाककृती मागणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होतं. ती सांगत गेली: सकाळी काय, चारला काय, जेवणावर तूप किती. सांगता सांगता तिचा चेहरा उजळला. पाणी प्यायला आलेली ईशानी स्वयंपाकघराच्या दारात थांबली, तिने थोडा वेळ ऐकलं आणि पाणी न पिताच ती परत गेली.

वेदांग महिन्याभरात पात्र झाला. त्याच्यापाठोपाठ आणखी बरीच मुलं झाली. खेळाच्या तासाला मैदानावर येणारी मुलं कमी होत गेली आणि कॅबिनबाहेरची रांग लांबत गेली. मुलींचा फुटबॉल संघ खेळाडू नाहीत म्हणून बरखास्त झाला. फुटबॉलचे कोच रिकामे बसू नयेत म्हणून त्यांना सेवन क्षेत्रात नेमण्यात आलं. ते प्रामाणिक गृहस्थ होते. शिट्टी वाजवून ते चावायला सुरुवात करून देत आणि पुन्हा शिट्टी वाजवून थांबवत. "यल्ला, यल्ला, च्यू प्रॉपरली!" असं ते ओरडत, तेव्हा मुलांमध्ये थोडा उत्साह येई. कॅबिन अपुरी पडू लागली, तेव्हा मालक कंपनीने मोठ्या एअरकंडिशन्ड हॉलला मंजुरी दिली. त्यासाठी एवढी मोठी रिकामी जागा शाळेत एकच होती. मार्चच्या शेवटी गोलचे खांब उपटण्यात आले.

त्याच आठवड्यात ईशानीची डॉक्टर हमीदांकडे पुन्हा तपासणी होती. नवा रिपोर्ट जुन्यापेक्षा वाईट होता.

"चिप्स बंद किये?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, म्हणजे… नहीं," अनुराधा म्हणाली. "वो तो उसको पसंद है. बादाम अलग से देती हूँ. बहुत देती हूँ."

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मग त्या ईशानीकडे वळल्या. "और फुटबॉल बेटा?"

ईशानीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिचा हुंदका फुटला. ती मोठ्याने रडत होती, लहान मुलीसारखी, आणि रडण्यातून तुटक तुटक सांगत होती, की फुटबॉलच्या तासाला ती बदाम खाते, शुभ्राशेजारी बसता येत नाही, काल गोलपोस्ट काढून नेले आणि ते ट्रकमध्ये जाताना तिने पाहिले. "नोबडी आस्क्ड मी," ती म्हणाली. "नॉट वन्स."

चारुदत्त शेजारच्या खुर्चीत होता. त्याच्या हातातला फोन थरथरत होता. ऑफिसचा कॉल होता. गेले चार-पाच महिने तो या मुलीला रोज गाडीतून घरी आणत होता. मुलगी खेळायची थांबली आहे, हे त्याला डॉक्टरांच्या टेबलासमोर कळलं. त्याने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. गेल्या कित्येक महिन्यांत त्याने केलेली ही पहिली बरी गोष्ट होती.

डॉक्टर हमीदांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: शाळेतलं सेवन बंद, खेळ सुरू. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून चारुदत्त तो कागद घेऊन शाळेत गेला.

मुनिबा मॅडमनी तो सहानुभूतीने वाचला. "सर, बाहर निकलने का प्रोसिजर है. रिपोर्ट नॉर्मल आयेगा तो बच्ची प्रोग्रॅम से बाहर."

"पर रिपोर्ट नॉर्मल होने के लिये उसको खेलना पडेगा."

"बिलकुल."

"और खेलने के लिये प्रोग्रॅम से बाहर आना पडेगा."

"करेक्ट," मुनिबा मॅडम म्हणाल्या. पालकाला प्रक्रिया इतकी नीट समजल्याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. "इन्शाल्ला, हो जायेगा."

चारुदत्त बाहेर आला आणि गाडीत बराच वेळ बसून राहिला. भांडायचं कुणाशी हेच त्याला कळेना. प्रत्येक जण मुलीच्या भल्यासाठीच झटत होता; तो स्वतः तर रोज रात्री टीव्हीसमोर झटत होता.

त्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर तो ईशानीच्या खोलीच्या दाराशी गेला. "चल," तो म्हणाला. "चेंडू घे."

"व्हेअर?"

"मागे वाळू आहे ना, तिथे. शुभ्रालापण विचार."

त्यांच्या घरांच्या ओळीमागे बांधकामाची वाट बघत पडलेला वाळूचा एक रिकामा तुकडा होता. गोलचा एक खांब म्हणून पाण्याचा मोठा कॅन ठेवला. दुसरा खांब म्हणून चारुदत्तची नेमणूक झाली. शुभ्रा आईला विचारून आली आणि सगळ्यांत आधी म्हणाली, "हँड्स." ईशानीने दोन्ही हात पुढे केले. शुभ्राने ते उलटेसुलटे करून पाहिले, वास घेतला आणि म्हणाली, "ओके, खलास, प्ले." मग तिने इतक्या जोरात चेंडू मारला की तो खांबाच्या पोटाला लागून आत गेला.

खांबाला चेंडू आणायलाही जावं लागे. पहिल्या दिवशी तो दोनदा गेला आणि तिसऱ्यांदा वाळूत बसला. ईशानी हसून हसून लोळली. तिला असं हसताना बघून अनुराधा, जी नुसती बघायला म्हणून आली होती, तोंड फिरवून उभी राहिली. घरी आल्यावर तिने कपाट उघडलं, चिप्सची आणि कुकीजची पाकिटं काढली आणि बाहेर टाकली. मग ईशानीला विचारलं, "भूक लागली की तुला खरं काय खावंसं वाटतं?" ईशानीने विचार केला. "अक्रोड इज ओके," ती म्हणाली. "जस्ट नॉट इन एव्हरीथिंग." आमटीतून काजू गेले. शाळेतून आल्यावर बिस्किटांच्या जागी मूठभर अक्रोड-बदाम आले. ते खाल्ल्यावर ईशानी साबणाने हात घासून धुवायची, शुभ्राकडून तपासून घ्यायची आणि गोलमध्ये उभी राहायची. उन्हाळा चढेपर्यंत हे रोज चाललं. चढल्यावर ते सूर्य बुडल्यानंतर चालू राहिलं. शाळेतला बदामाचा तास सुटला नाही. पण कोच आता ईशानीच्या वाटीत एकच बदाम टाकायचे आणि दुसरीकडे बघत शिट्टी वाजवायचे.

जूनच्या रिपोर्टमध्ये चरबी उतरली होती, साखर काठावरून मागे सरली होती. वजन फारसं कमी झालं नव्हतं. डॉक्टर हमीदा म्हणाल्या, ते येईल सावकाश, घाई नाही. शाळेने हा रिपोर्ट मिळवून ईशानीचा फोटो माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापला. फोटोत ती नव्या हॉलसमोर उभी होती. त्याखाली लिहिलं होतं, की उपक्रमाने एका मुलीचं आयुष्य बदललं. माहितीपत्रक वाचून आणखी दोन शाळांनी आपापली मैदानं मोजून घेतली.

मराठी मंडळाच्या एका जेवणात चारुदत्तने ही हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. खुर्च्या जवळ ओढून सगळ्यांनी ऐकली. कॅबिनच्या खिडकीपाशी दोघीतिघींनी डोळे टिपले, शिट्टीपाशी लोक हसले, आणि गोलचे खांब ट्रकमध्ये चढले तेव्हा ताटावरचे हात थांबले. गोष्ट संपल्यावर कुणीतरी घसा खाकरून सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला, की बदाम भिजवून द्यायचे की कोरडे? त्यानंतर ही हकीकत जिथे जिथे सांगितली गेली, तिथे तिथे हाच प्रश्न आला. तुम्हालाही तो केव्हाचा पडला असेल.

कसेही चालतात. आणि हो, तुमची मुलगी बूट घालून मघापासून दाराशी उभी आहे.